सनद कुणाच्या नावाची?



गाळपाच्या गडबडीत राजे-सरदारांच्या गोष्टी कशाला, असं कुणी म्हणेल. पण राजा आणि सरदार यांचा सौदा कसा चालायचा, हे समजायला जव्हारचं उदाहरण फार बोलकं आहे.

आज पालघर जिल्ह्यात असलेलं हे डोंगरी संस्थान कोळी समाजातल्या मुकणे घराण्याचं. मूळ पुरुष जयबा. त्याने बैलाच्या कातड्यात मावेल एवढीच जमीन मागितली आणि मग कातड्याच्या बारीक वाद्या कापून मोठा मुलूख वेढून घेतला, अशी दंतकथा आहे. खरं-खोटं देव जाणे. पण ताबा आधी आणि सनद मागाहून, एवढं त्यातून कळतं.

मान्यता आली १३४३ साली. दिल्लीच्या सुलतानाने जयबाच्या मुलाला ‘शहा’ किताब देऊन २२ किल्ल्यांचा मुलूख त्याचा मानला. माझ्या मते यात उपकार कुणाचेच नव्हते. दिल्लीला एवढ्या लांबून दर साली फौज पाठवणं परवडणारं नव्हतं आणि शहाला शिक्का हवा होता. दोघांचंही भागलं.

असा सौदा गरज असेतोवरच टिकतो. १६६४ साली सुरतेकडे जाताना शिवाजी महाराज जव्हारजवळ शिरपामाळावर थांबले आणि तिथं विक्रमशहाने त्यांचा मान केला, असं सांगतात. पण सुरतेची वाट याच मुलखातून. आठच वर्षांनी, १६७२ साली, मोरोपंत पिंगळ्यांनी जव्हार घेतलं. पेशवाईत मुलूख आणखी आकसला. तरी घराणं वाकत-वाकत टिकलं ते थेट १९४८ च्या विलीनीकरणापर्यंत.

वतनदार माजला की राज्य पोखरतं, हे महाराजांनी ओळखलं होतं. म्हणून त्यांचा भर रोख पगारावर राहिला. १६८९ नंतर मोगलांनी घेरल्यावर मात्र राजाराम महाराजांना माणसं राखण्यासाठी पुन्हा वतनं वाटावी लागली. इंग्लंडातही १२१५ साली सरदारांनी जॉन राजाला अडवून मॅग्ना कार्टा ही सनद घेतली. राजावर नजर ठेवायला २५ सरदार नेमायचं कलमही त्यात घातलं. पण जमिनीला बांधलेल्या कुळांच्या पदरात फारसं काही पडलं नाही.

राजा जबर झाला तर सरदार भरडतो, सरदार जबर झाला तर राज्य फुटतं. पण दोन्ही वेळा वसुली होते ती कुणब्याच्या खळ्यावरून! किल्ले मोजले गेले, त्यांना दाणागोटा पुरवणाऱ्याचं नाव मात्र सनदेत कुठं नाही.

आपल्या शेअरच्या दाखल्यावर नाव आपलंच आहे, बरं का! त्यासाठी कुणाचा किताब लागत नाही. पण हिशेब विचारायला वार्षिक सभेला यावं लागतं. आपण बांधावरच बसून राहिलो, तर नवी वतनं उभी राहायला कितीसा वेळ लागणार?