गाड्याबरोबर नळ्याची यात्रा

‘गाड्याबरोबर नळ्याची यात्रा’ ही म्हण आपल्या घरोघरी अजून ऐकू येते. मोठ्याच्या आश्रयाने एखाद्या लहानाचे विनासायास साधले, की ती म्हणावयाची. पण ज्यांनी बैलगाडी हाकली आहे त्यांना ठाऊक असते, की हा नळा काही फुकटा यात्रेकरू नव्हे. गाडीला बांधलेल्या त्या नळ्यात वंगण असते. आस कोरडा पडून करकरू लागला, की गाडीवान उतरतो आणि नळ्यातले वंगण चाकाला देतो. नळ्याची दोरी तुटून तो वाटेत कोठे गळून पडला, तर पंढरपूर दूर राहते आणि गाडी माळावर उभी राहते. म्हणीच्या पोटातला हा विसरलेला अर्थ आज आठवण्याचे कारण मात्र रस्त्यावरचे नाही, समुद्राच्या तळाचे आहे.

समुद्रातील तेल आणि वायू किनाऱ्यावर आणण्यासाठी तळाशी पोलादी वाहिन्या टाकाव्या लागतात. एका मोठ्या वाहिनीला सोबत म्हणून पुष्कळदा एक लहान वाहिनीही लागते. वायूबरोबर येणाऱ्या पाण्याने मोठा नळ तुंबू नये किंवा आतून गंजू नये यासाठी लागणारी रसायने या लहान नळातून उलट दिशेने पाठवितात. कोठे विहिरींत दाबाने सोडण्याचे पाणी, तर कोठे तेल वर उचलण्यासाठी लागणारा वायू त्यातून जातो. म्हणजे हा वंगणाचा नळाच झाला. या दोन वाहिन्या स्वतंत्रपणे टाकावयाच्या तर बार्ज दोनदा न्यावे लागते, तळाशी चर दोनदा खणावा लागतो आणि खर्चही जवळजवळ दोनदा करावा लागतो. म्हणून लहान नळ मोठ्याच्या पाठुंगळीस बांधून दोन्ही एकदमच पाण्यात सोडण्याची रीत जगभरच्या समुद्रकामात रुळली आहे.

हे बांधणे कसे होते ते समजून घेण्यासारखे आहे. बार्जवर बारा-बारा मीटरचे नळ एकापुढे एक वेल्डिंगने जोडले जातात. बार्ज आपल्या नांगरांच्या दोरांवर पुढे सरकते, तसतसा जोडलेला नळ मागच्या उतरत्या सांगाड्यावरून पाण्यात जातो. शेवटचे वेल्डिंग तपासून झाल्यावर आणि नळ पाण्याला लागण्यापूर्वी बांधणाऱ्यांची पाळी येते. मोठ्या नळाच्या पाठीवर रबराचे किंवा कठीण प्लास्टिकचे खोगीर ठेवावयाचे, त्याच्या खाचेत लहान नळ बसवावयाचा आणि न गंजणाऱ्या धातूचा किंवा चिवट धाग्याचा पट्टा दोहोंभोवती आवळावयाचा. दर काही मीटरांवर हे असे एक खोगीर आणि एक पट्टा. बार्ज थांबत नाही आणि बांधणाऱ्यांचे हातही थांबत नाहीत.

पट्ट्याची खरी परीक्षा त्यानंतर सुरू होते. नळ पाण्यात उतरताना एकदा पाठमोरा वाकतो आणि तळाला टेकण्यापूर्वी पुन्हा उलट वाकतो. दोन्ही वेळा वरचा आणि खालचा नळ वेगवेगळ्या मापाने ताणले जातात. पुढे वाहिनी चालू झाली, की गरम नळ लांबीने वाढतो आणि थंड नळ जागीच राहतो. म्हणून पट्टा घट्ट तर हवाच, पण नळाला थोडे सरकू देणाराही हवा. पाण्याचा प्रवाह जोडनळाला एकट्या नळापेक्षा अधिक लोटतो. जेथे तळ खोलगट असेल तेथे वाहिनी अधांतरी राहते आणि प्रवाहाने कंप पावत राहते. एक पट्टा सुटला तर शेजारच्या पट्ट्यावर अधिक ओढ येते, आणि एकामागोमाग एक पट्टे सुटत गेले तर लहान नळ झोळीसारखा लोंबू लागतो. सतत वाकून वाकून पोलादही थकते.

आणखी एक धोका खोगिराचा आहे. ढवळ्याशेजारी पवळ्या बांधला तर वाण नाही पण गुण लागतो, असे आपण म्हणतो. खाऱ्या पाण्यात दोन धातू एकमेकांस भिडले, की एक दुसऱ्याला खातो. पोलाद वाचावे म्हणून नळांवर जस्ताचे किंवा ॲल्युमिनियमचे ठोकळे बसवितात. ते स्वतः झिजतात आणि नळाला राखतात. पण खोगीर निसटून नळावर नळ घासू लागला, वरचे लेपण खरवडले गेले, तर हा सारा हिशेब चुकतो. आमचे म्हणणे याच ठिकाणी सुरू होते. कोट्यवधी रुपयांच्या अंदाजपत्रकात पट्टा आणि खोगीर यांचा खर्च सर्वांत किरकोळ असतो, आणि वीस वर्षांनी वाहिनीचे भवितव्य त्याच किरकोळ वस्तूवर टांगलेले असते.

हा प्रश्न परक्या समुद्राचा नाही. १९७४ च्या फेब्रुवारीत ‘सागर सम्राट’ने मुंबई हायचे तेल शोधले, २१ मे १९७६ रोजी उत्पादन सुरू झाले. प्रथम तेल जहाजांत भरून आणले जाई. १९७८ पासून तीस इंची तेलवाहिनी आणि सव्वीस इंची वायुवाहिनी अशा दोन वाहिन्या सुमारे दोनशे किलोमीटरचा तळ ओलांडून उरणला पोचल्या. या थोर वाहिन्या समांतर आहेत, एकमेकींस बांधलेल्या नाहीत. त्यांनी देशाला जे दिले त्याचे ऋण कोणी नाकारू नये. परंतु या क्षेत्राचे वय आता पन्नाशीच्या घरात आले आहे. जुन्या वाहिन्या बदलण्याची कामे टप्प्याटप्प्याने करावी लागत आहेत, आणि जेथे फलाटाफलाटांमध्ये दाटी झाली आहे तेथे दोन नळ एकत्र नेण्याचा मोह स्वाभाविक आहे. त्या मोहाला आमचा विरोध नाही. उलट मच्छीमाराच्या जाळ्याला दोन अडथळ्यांपेक्षा एक परवडतो. आमचे मागणे इतकेच, की बांधावयाचे तर बांधलेले सांभाळावयाचीही तयारी हवी.

जवळ असलेल्या गोष्टी एकदमच संकटात सापडतात, हे आपण फार मोठी किंमत देऊन शिकलो आहोत. २७ जुलै २००५ रोजी, मुंबई महापुराने गुदमरली होती तेव्हा, मुंबई हायच्या उत्तर फलाटावर ‘समुद्र सुरक्षा’ हे जहाज एका जखमी कामगाराला पोचविताना लाटेने फलाटाकडे लोटले गेले. तळाकडून वर येणाऱ्या नळाला त्याचा धक्का बसला, वायू बाहेर पडला आणि पेटला. आगीने शेजारचे नळही सोडले नाहीत. सुक्याबरोबर ओलेही जळाले. दोन तासांच्या आसपास तो भव्य फलाट नाहीसा झाला आणि बावीस माणसे प्राणास मुकली. २०११ च्या जानेवारीत मुंबई हाय–उरण तेलवाहिनीतून गळती होऊन समुद्रावर तवंग पसरला. या दोन घटनांची कारणे वेगवेगळी होती आणि त्यांत पट्ट्याचा दोष नव्हता. पण तळाशी ठेवलेली वस्तू विसरून चालत नाही, ही त्यांची शिकवण एकच आहे.

बांधणाऱ्या हातांची आठवणही येथेच करावी लागेल. अरबी समुद्रात ही कामे पावसाळा संपल्यावर सुरू होतात आणि मेअखेरीस आटोपावी लागतात. हंगाम सरत आला, की ठेकेदाराची घाई वाढते. १७ मे २०२१ रोजी तौक्ते चक्रीवादळात समुद्रकामावरील कामगारांचे पी-३०५ हे निवासी बार्ज बुडाले. त्यावर २६१ माणसे होती. ते बार्ज आणि ‘वरप्रदा’ ही टग मिळून ऐंशीहून अधिक जीव गेले. वादळाची पूर्वसूचना काही दिवस आधीपासून होती. जी घाई माणसाला वादळात समुद्रावर ठेवते, ती घाई पट्टा नीट आवळला गेला की नाही हे पाहावयास क्षणभर थांबेल, असे मानणे भाबडेपणाचे होईल. कामगाराची सुरक्षितता आणि कामाची शुद्धता या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत. त्याही एकमेकींस बांधलेल्या आहेत.

मुंबई हायच्या पूर्वेला वसईच्या क्षेत्रातील वायू समुद्रतळावरून गुजरातेत हजिऱ्याला, म्हणजे तापीच्या मुखाशी, किनाऱ्यावर येतो. त्याच तापीच्या काठाने वर चढत गेले, की जळगाव जिल्ह्याच्या सीमेपलीकडे मध्य प्रदेशातील बुऱ्हाणपूर लागते. अलीकडेच तेथे इतवारा भागात एका स्नेह्यांकडे आमचा मुक्काम झाला. यंत्रमागांचा खडखडाट, दाट वस्तीच्या गल्ल्या आणि हिंदी-उर्दूच्या बरोबरीने कानी पडणारी खानदेशी वळणाची मराठी असे ते गाव आहे. यजमानांनी आग्रहाने कुंडी भंडारा दाखविला. सातपुड्याच्या पायथ्याशी झिरपणारे पाणी जमिनीखालच्या बोगद्यांतून शहराकडे नेण्याची ही योजना जहांगीर बादशहाच्या काळात, १६१५ च्या सुमारास, अब्दुल रहीम खानखानान यांच्या पुढाकाराने आणि एका इराणी तज्ज्ञाच्या आखणीने सिद्ध झाली. चारशे वर्षांनंतरही तेथे पाणी वाहते आहे.

आम्हांला त्या योजनेतील पाण्यापेक्षा कुंड्यांचेच नवल अधिक वाटले. बोगद्याच्या वाटेवर थोड्या थोड्या अंतराने शंभरावर कुंड्या उभ्या खणल्या आहेत. त्यांतून हवा आत जाते, उजेड जातो आणि माणूसही उतरू शकतो. चुनखडीचे थर साचले, भिंत ढासळली, पाणी अडले, तर ते कोठे अडले हे वरून कळते. जे जमिनीखाली झाकावयाचे ते पाहण्याची सोय आधी करावयाची, हे शहाणपण त्या आखणीत आहे. इतवाऱ्यातील आमच्या यजमानांनी ते एका वाक्यात सांगितले: ‘भाऊसाहेब, ज्या नळाला डोळा नाही तो नळ कधी तरी घर बुडवतो.’

समुद्राच्या तळाला अशा कुंड्या खणता येत नाहीत हे खरे. पण आज दूरनियंत्रित पाणयंत्रे आहेत, त्यांचे कॅमेरे आहेत, तळाचे चित्र काढणाऱ्या ध्वनिलहरी आहेत. उणीव डोळ्यांची नाही. पाहिलेले संबंधितांना सांगण्याची आहे. जमिनीवरून वाहिनी जावयाची असेल तर १९६२ च्या कायद्याप्रमाणे शेतकऱ्याला नोटीस मिळते, हरकत घेता येते आणि जमिनीच्या बाजारभावाच्या दहा टक्के भरपाई मिळते, पिकाचे नुकसान वेगळे. समुद्रात मात्र सातबारा नाही. पिढ्यान्पिढ्या ज्या पाण्यात डोल लावली आणि जाळी ओढली, त्या पाण्याखाली काय ठेवले आहे हे तांडेलाला बहुधा जाळे फाटल्यावरच कळते. नौकानयनाच्या नकाशांवर वाहिन्या दाखविलेल्या असतात. परंतु तो नकाशा इंग्रजीत, आणि तो हाती घेऊन मासेमारीस निघणारी नौका विरळाच. सुटून लोंबणाऱ्या पट्ट्यात किंवा झोळी झालेल्या लहान नळात ट्रॉलरचे जाळे अडकले, तर नुकसान जाळ्यापुरते थांबेलच असे नाही.

म्हणून आम्ही काही मोजक्या गोष्टी सुचवितो. पहिली, पट्टा व खोगीर यांचे आयुष्य वाहिनीच्या आयुष्याइतकेच असले पाहिजे, अशी अट करारात स्पष्ट असावी आणि त्या बाबतीत सर्वांत कमी दराच्या निविदेचा निकष लावू नये. दुसरी, बार्जवर बांधणीच्या जागी तपासणीस बसावा, त्याने प्रत्येक पट्ट्याची नोंद ठेवावी, आणि काम थांबविण्याचा अधिकार त्याला असावा; ठेकेदाराच्या पगारावरील माणसाला तो अधिकार देऊन उपयोग नाही. तिसरी, दर पावसाळ्यानंतर पाहणी व्हावी आणि तिचा सारांश जाहीर व्हावा. चौथी, वाहिन्यांचे अक्षांश-रेखांश मच्छीमार सहकारी संस्थांना मराठीत आणि नौकेवरच्या जीपीएस यंत्रात भरता येतील अशा रीतीने मिळावेत. जून-जुलैत मासेमारी बंद असते; ती वेळ या कामी फार उपयोगाची आहे. पाचवी, जाळे फाटल्यास भरपाईचा मार्ग सोपा असावा. तांडेलाला दिल्ली-डेहराडूनची वाट धरावी लागू नये. आणि शेवटची, वाहिनी निकामी झाल्यावर ती कोण उचलणार, पाठुंगळीचा नळ कोण सोडविणार, हे ती टाकण्यापूर्वीच ठरलेले असावे.

यांतील एकही मागणी देशाच्या तेलाला आडवी येत नाही. समुद्राच्या तळाचा मालक कायद्याने देश आहे. म्हणूनच तळाशी काय ठेवले आहे हे जाणण्याचा हक्क देशाच्या नागरिकाला, आणि सर्वांआधी त्याच पाण्यावर पोट असलेल्या नागरिकाला आहे. उरणचा नाखवा आणि सातपाटीची मासळी विकणारी बाई यांनी मुंबई हायकडे शत्रू म्हणून कधी पाहिलेले नाही. त्यांनी फक्त विचारले आहे, की आमच्या दर्यात तुम्ही काय केलेत ते आम्हांला सांगाल का?

नारळी पौर्णिमेला किनाऱ्यावर नारळ सोडताना आपण समुद्राला शांत होण्याची विनवणी करतो. समुद्र आपल्या परीने ती ऐकतो. पण तळाशी आपण जे बांधून ठेवले आहे, ते सांभाळण्याची विनवणी समुद्राला करता येणार नाही. ती गाडीवानाने स्वतःलाच करावयाची असते, आणि यात्रेला निघण्यापूर्वी एकदा वाकून नळ्याची दोरी पाहून घ्यावयाची असते.