घरची थेरपी ही चैन नव्हे



लहान मुलांना घरी येऊन थेरपी देणे ही पैसेवाल्यांची चैन असून खरे उपचार केंद्रातच होतात, हे आपल्या पत्रलेखकांचे मत पटत नाही. केंद्रात मूल आठवड्याला तास-दोन तास असते. उरलेला वेळ आई, आजी किंवा सांभाळणाऱ्या मावशींबरोबर जातो. जेवण, अंघोळ, खेळ यांतून मुलाशी संवाद कसा साधावा, हे त्यांना शिकवणे हाच घरच्या थेरपीचा गाभा आहे. गोवा आणि रावळपिंडी येथे स्वमग्न मुलांसाठी झालेल्या 'पास' चाचणीचे निष्कर्ष २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. तज्ज्ञ नसलेल्या, पण प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी पालकांना मार्गदर्शन केले, तेव्हा पालकांचा प्रतिसाद सुधारला आणि मुले आपणहून अधिक संवाद साधू लागली. अर्थात, या चाचणीतील तुलना केंद्रातील उपचारांशी नव्हती.

घाटकोपर-अंधेरीच्या एका खोलीत थेरपी कशी होणार, हा आक्षेप रास्त वाटतो. पण मुलाला वावरायचे आहे ते त्याच खोलीत. श्रवणचाचणीसारख्या गोष्टींना मात्र केंद्र हवेच. पात्रतेची शंका असेल, तर विशेष शिक्षक व वाचा-उपचारतज्ज्ञांची भारतीय पुनर्वसन परिषदेकडील नोंदणी तपासता येते. राहिला खर्च. जन्म ते तीन वर्षांच्या मुलांसाठी केंद्र सरकारच्या २०२४ च्या 'नवचेतना' आराखड्यात अंगणवाडी सेविकांच्या गृहभेटी आहेतच. त्यांना थेरपिस्टची जोड द्यावी, म्हणजे ही सेवा बोरिवली-मुलुंडच्या वस्त्यांतही पोहोचेल.

— एक वाचक, मुलुंड (पूर्व)