गुंठ्याचा कर्ण

घरात आठवी-नववीतले मूल असेल, तर ‘परिमेय’ आणि ‘अपरिमेय’ हे शब्द तुमच्या कानांवरून गेले असतील. दोन पूर्णांकांचा अपूर्णांक करून जी संख्या मांडता येते ती परिमेय. छेद तेवढा शून्य नको. जी कधीच तशी मांडता येत नाही ती अपरिमेय. मुले फसतात ती एका समजुतीने. दशांश चिन्हापुढचे आकडे संपत नाहीत ना, मग संख्या अपरिमेय, असे ती लिहून मोकळी होतात आणि हातचे गुण जातात.

एक एकर म्हणजे ४० गुंठे. सात भावांत सारखी वाटणी करायची, तर ४० ला ७ ने भागा. उत्तर येते ५.७१४२८५, पुढे पुन्हा ७१४२८५, पुन्हा तेच. भागाकार संपत नाही, तरी संख्या परिमेयच. कारण सातने भागताना बाकी उरणार ती १ ते ६ यांपैकीच. सहा बाक्या येऊन गेल्या की जुनी बाकी परत यायलाच हवी, आणि बाकी तीच म्हटल्यावर पुढचे आकडेही तेच. घाण्याच्या बैलाचे फेरे!

आता ३३ फूट लांब, ३३ फूट रुंद असा चौरस गुंठा घ्या. आखणी बरोबर आली का हे पाहायला गवंडी दोन्ही कर्ण मोजतो. टेप दाखवील ४६ फूट ८ इंच, म्हणजे १४०/३ फूट. सरळ अपूर्णांक! पण पायथागोरसच्या नियमाने कर्णाचा वर्ग १०८९ च्या दुप्पट, म्हणजे २१७८ हवा. १४०/३ चा वर्ग भरतो सुमारे २१७७.७८. घराच्या पायाला एवढा फरक चालतो. गणिताला चालत नाही.

दुसरा एखादा अपूर्णांक नेमका बसेल का? नाही. कर्ण हा बाजूच्या √२ पट असतो. समजा, √२ हा पूर्ण संक्षेप केलेला अपूर्णांक आहे. मग अंशाचा वर्ग छेदाच्या वर्गाच्या दुप्पट, म्हणून अंश सम. सम संख्येच्या वर्गाला ४ ने भाग जातो, म्हणून छेदाचा वर्ग सम आणि छेदही सम. दोन्ही सम, म्हणजे २ ने आणखी संक्षेप होतो. आपण तर तो आधीच पुरा केला होता. ही वाट बंद. टेप कितीही बारीक खुणांची आणा, हा निवाडा टेपने होत नाही.

गोल विहिरीचा घेर काढताना आपण २२/७ घेतो, तेही कामापुरतेच. भास्कराचार्यांनी ११५० च्या ‘लीलावती’त २२/७ ला स्थूल, व्यवहारापुरते मान म्हटले आणि ३९२७/१२५० हे सूक्ष्म मान दिले. दोन्ही परिमेय. खुद्द पाय मात्र अपरिमेय. ते लँबर्टने १७६१ साली सिद्ध केले.

वर्गमुळाचे चिन्ह पाहूनही घाबरू नये. √९ म्हणजे साधे ३.

आज जेवताना मुलांना विचारा: √१६, √१८, ०.३३३… आणि २२/७ यांत अपरिमेय एकच आहे. ती कोणती, आणि का?