तळण नव्हे, गरम वाऱ्यावरचे भाजणे

गणपतीला आलेली मुंबई-पुण्याची मंडळी परतली की रत्नागिरीतील अनेक स्वयंपाकघरांत ओट्याच्या कोपऱ्यात एक नवे यंत्र मागे राहते. ‘आई, आता कढई बंद, सगळे यातच करायचे,’ असे बजावून मुलगा किंवा सून एअर फ्रायर ठेवून जाते. पुढे महिनाभरात रक्तदाब तपासायला आलेल्या रुग्णांकडून त्याविषयीचे प्रश्न सुरू होतात. तक्रारी बहुधा तीनच असतात. मासा कोरडा झाला, काप बाहेरून कडक आणि आतून कच्चे राहिले, आणि घरातील वडीलधारे ताटाला हात लावीनासे झाले. पहिल्या दोन तक्रारी स्वयंपाकाच्या आहेत. तिसरी मात्र वैद्यकीय आहे आणि म्हणूनच हा विषय या सदरात घेत आहे.

यंत्र कसे चालते?

फिलिप्स कंपनीने २०१० साली बर्लिनच्या प्रदर्शनात हे यंत्र प्रथम मांडले. नावात ‘फ्रायर’ असले तरी त्यात तळण होत नाही. वर विजेवर तापणारे वेटोळे, त्याच्यालगत वेगाने फिरणारा पंखा आणि खाली भोके असलेली टोपली, एवढीच त्याची रचना आहे. थोडक्यात, ती एक लहानशी, जोरदार वाऱ्याची भट्टी आहे.

कढईतील तेल पदार्थाला सर्व बाजूंनी एकाच वेळी वेढते आणि भरपूर उष्णता देते. हवा त्या मानाने फार थोडी उष्णता वाहून नेते, म्हणून ती सतत फिरती राहावी लागते. शिवाय पदार्थाच्या पृष्ठभागावर पाणी असेतो तेथील तापमान १०० अंशांच्या फारसे वर जात नाही, आणि तांबूस रंग व खमंगपणा येण्यासाठी सुमारे १४० अंश तरी लागतात. या दोन गोष्टी ध्यानात घेतल्या की सगळे नियम आपोआप सुचतात. पदार्थ कोरडा हवा, त्याला तेलाचा पातळ हात हवा आणि वारा खेळायला जागा हवी.

हात बसण्यासाठी

यंत्र आधी तीन ते पाच मिनिटे रिकामे तापवून घ्यावे. भाजीचे काप किंवा मासळीचे तुकडे स्वच्छ फडक्याने टिपून कोरडे करावेत. पाव किलो पदार्थाला चहाचा एक चमचा तेल पुरते, पण ते सर्वत्र लागले पाहिजे. तांदळाचे पीठ आणि रवा लावलेल्या कापांवर तेल लागले नाही तर पीठ पांढरे आणि कच्चेच राहते, म्हणून पीठ लावल्यावर ब्रशने वरून तेल फिरवावे. काप एकावर एक न रचता एकाच थरात मांडावेत आणि निम्मा वेळ झाला की उलटावेत. चौघांसाठी करायचे असेल तर दोन घाणे काढावे लागतील, याची तयारी ठेवावी.

आपल्याकडचा नीरफणस या यंत्रात उत्तम होतो. साल आणि मधला गाभा काढून अर्ध्या सेंटिमीटरहून किंचित जाड काप करावेत. चीक जाण्यासाठी थोडा वेळ पाण्यात ठेवून नीट निथळावेत व टिपावेत. मग हळद, तिखट, बेताचे मीठ, पीठ आणि तेल लावून १८० अंशांवर बारा ते पंधरा मिनिटे ठेवावेत. सुरण आणि कच्च्या केळ्याचे कापही याच पद्धतीने होतात. सुरणाला आगळ किंवा चिंचेचा कोळ लावण्याची जुनी रीत येथेही सोडू नये, नाहीतर घसा खवखवतो.

मासळीत बांगडा सर्वांत सोपा, कारण त्याच्या अंगात स्वतःचीच चरबी असते. चिरा देऊन आगळ, हळद आणि मीठ लावून पंधरा-वीस मिनिटे शीतकपाटात ठेवावा. सुटलेले पाणी टिपून मग पीठ लावावे. अखंड बांगड्याला १८० अंशांवर बारा ते पंधरा मिनिटे लागतात. सुरमईच्या तुकडीत चरबी कमी, त्यामुळे ती लवकर कोरडी पडते. तिला तेल थोडे अधिक द्यावे आणि दहा मिनिटांनी पाहावे. काट्यालगतचे मांस अपारदर्शक होऊन सहज सुटू लागले की मासा शिजला. त्यानंतरचे प्रत्येक मिनिट त्याला चामट करते. प्रत्येक यंत्राचा स्वभाव थोडा वेगळा असतो, म्हणून पहिल्या दोन-तीन वेळा वेळ लिहून ठेवावी.

काही पदार्थ मात्र या यंत्राकडे नेऊच नयेत. भजीचे ओले पीठ टोपलीच्या भोकांतून गळते. ओला बोंबील पाण्याने भरलेला असतो, त्याची जागा दाबून घेऊन तव्यावरच. पापड हलका असल्याने वाऱ्याने उडून तापलेल्या वेटोळ्याला चिकटतो. त्यावर जाळी ठेवली तरच करावा. आणि पावसाळ्यात मध्येच वीज गेली, तर अर्धवट शिजलेला मासा यंत्रात तसाच ठेवू नये. गॅसवर तवा ठेवून तो लगेच पूर्ण शिजवावा.

काय बदलते, काय बदलत नाही

फायदा खरा आहे. एक ग्रॅम चरबीतून नऊ कॅलरी मिळतात. चहाच्या एका चमच्यात सुमारे चाळीस कॅलरींचे तेल मावते, आणि पीठ लावलेले काप तळताना असे कितीतरी चमचे पिऊन टाकतात. दुसरा फायदा त्याहून मोठा वाटतो. कढईत उरलेले तेल गाळून पुन्हा-पुन्हा वापरण्याची सवय या यंत्रामुळे सुटते. वारंवार तापलेल्या तेलात घातक घटक साठत जातात. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने याच कारणासाठी तळणीच्या तेलातील ‘ध्रुवीय संयुगां’ची कमाल मर्यादा २५ टक्के ठरवली असून ती १ जुलै २०१८ पासून लागू आहे. घरात हे मोजण्याचे साधन नसते, म्हणून तळणीचे तेल उरूच न देणे हा शहाणपणाचा मार्ग.

परंतु यंत्रातून मीठ उडून जात नाही. पापड आणि खारवलेली मासळी यांतील मीठ जसेच्या तसे पोटात जाते. जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्ल्यानुसार प्रौढ व्यक्तीने दिवसभरात एकूण पाच ग्रॅमहून कमी, म्हणजे जेमतेम एक लहान चमचा मीठ घ्यावे. त्याचप्रमाणे बटाटा किंवा नीरफणस यांतील पिष्टही कमी होत नाही. मधुमेही व्यक्तीने ‘तेल नाही ना’ म्हणून दुप्पट काप खाल्ले तर साखर वाढणारच. त्या दिवशी भात किंवा भाकरी तेवढी कमी करावी.

आणखी एक गोष्ट. पिष्टमय पदार्थ १२० अंशांहून अधिक तापमानाला कोरडे भाजले किंवा तळले की त्यांत अ‍ॅक्रिलामाइड नावाचे द्रव्य तयार होते, हे स्वीडनमधील संशोधकांनी २००२ मध्ये दाखवून दिले. प्राण्यांवरील प्रयोगांत त्याने कर्करोग झाला; माणसांच्या आहारातील प्रमाणाबाबत तसा ठाम पुरावा मिळालेला नाही. भिण्याचे कारण नाही, पण काळजी सोपी आहे. बटाट्याच्या फोडी अर्धा तास पाण्यात भिजवून मग कोरड्या कराव्यात, आणि रंग सोनेरी झाला की थांबावे. करपलेला भाग खाऊ नये.

वडीलधाऱ्यांच्या ताटात

आता त्या तिसऱ्या तक्रारीकडे वळू. वयाबरोबर लाळ कमी होते. मूत्राशयाच्या, झोपेच्या, नैराश्याच्या काही औषधांनी तोंड आणखी कोरडे पडते. कवळी सैल झालेली असते. अशा तोंडात तेल नसलेला कुरकुरीत काप म्हणजे भुसा होतो. आजोबा ‘भूक नाही’ म्हणतात. खरे तर त्यांना तो घास गिळवत नसतो. तोंड कोरडे असणाऱ्यांना काप वरण-भातासोबत, दह्यासोबत किंवा सोलकढीच्या घोटाबरोबर द्यावेत.

पक्षाघात, पार्किन्सन किंवा स्मृतिभ्रंश झालेल्या व्यक्तीची गोष्ट निराळी आहे. जेवताना ठसका लागणे, जेवणानंतर आवाज घोगरा किंवा ओलसर येणे, घास गालात साठून राहणे, वारंवार ताप येऊन छातीत कफ होणे ही गिळण्यात दोष असल्याची लक्षणे आहेत. अन्नाचे कण श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया होऊ शकतो. अशा व्यक्तीला कुरकुरीत, भुरभुरणारे काहीही देऊ नये, आणि घास उतरावा म्हणून वर पातळ ताक किंवा पाणीही पाजू नये. पातळ पदार्थच अनेकदा आधी श्वासनलिकेत उतरतो. त्यांच्यासाठी मासा कालवणात मऊ शिजवून, काटे बोटांनी चाचपून काढून, दाटसर कुस्करून भरवावा. सरळ बसवून भरवावे आणि ही लक्षणे असतील तर डॉक्टरांना जरूर दाखवावे.

तिसरा गट कृश ज्येष्ठांचा. साठीतल्या स्थूल मुलाला जो आहार योग्य, तोच पंच्याऐंशीच्या हडकुळ्या आईला योग्य असतो असे नाही. सहा महिन्यांत प्रयत्नाविना पाच टक्के वजन घटले, म्हणजे पन्नास किलोच्या व्यक्तीचे अडीच किलो, तर ती धोक्याची खूण समजावी. अशा वेळी तेल तोडणे म्हणजे उरलासुरला आधार काढून घेणे. त्यांच्या कापांवर तेल सढळ लावावे, आमटीत ओले खोबरे राहू द्यावे, भातावर तूप वाढावे. यंत्र एकच असले तरी प्रत्येकाच्या वाटणीचे तेल वेगळे असू शकते.

इन्सुलिन घेणाऱ्यांच्या घरी एक शिस्त पाळावी. ‘पंधरा मिनिटांत होईल’ या भरवशावर जेवणाआधीचे इन्सुलिन टोचू नये. यंत्र तापणे, दुसरा घाणा, गेलेली वीज यांत अर्धा-पाऊण तास जातो आणि साखर घसरून चक्कर येते. पदार्थ शिजला, पान वाढायला घेतले, मग सुई.

सुरक्षितता

साधारण १५०० वॉटचे यंत्र २३० व्होल्टवर साडेसहा अँपिअर वीज ओढते. म्हणून ६ अँपिअरच्या लहान खटक्यावर किंवा लोंबत्या एक्स्टेंशन वायरवर ते लावू नये. १६ अँपिअरचा मोठा सॉकेटच वापरावा. मागून गरम हवा बाहेर पडते, तेव्हा भिंतीपासून वीतभर अंतर ठेवावे आणि जवळ पडदा, कागद, प्लॅस्टिक नसावे. मधुमेहामुळे हातांची संवेदना कमी झालेल्यांना टोपली तापली आहे हे वेळेवर कळत नाही. त्यांनी जाड हातमोजा घातल्याशिवाय ती ओढू नये, आणि ती ठेवण्यासाठी शेजारी लाकडी पाट तयार ठेवावा. टोपलीखालची साठलेली चरबी दर वेळी धुवावी, नाहीतर पुढच्या खेपेला धूर होतो. धुताना लोखंडी घासणी लावू नये, आतला लेप निघतो. भाजलेच तर नळाच्या वाहत्या पाण्याखाली वीस मिनिटे धरावे. हळद, तूप, टूथपेस्ट लावू नये.

हे यंत्र नसले म्हणून काही अडत नाही. तव्यावर दोन चमचे तेलात परतलेली तुकडी, वाफेवरचे मोदक, सांदण, घावणे यांत तेल मुळातच थोडे लागते. एकट्या राहणाऱ्या, गुडघे दुखणाऱ्या किंवा हात थरथरणाऱ्या व्यक्तीला मात्र उकळत्या तेलापुढे उभे राहावे लागत नाही, हा मोठा दिलासा आहे, आणि सेवा करणाऱ्या सुनेला किंवा मुलीला तेवढी वीस मिनिटे बसायला मिळतात.

येत्या पंधरवड्यात एवढे करावे. घरातील ज्येष्ठांचे वजन मोजून दिनदर्शिकेवर लिहून ठेवावे आणि दर महिन्याच्या त्याच तारखेला पुन्हा मोजावे. एखाद्या जेवणाला शेजारी बसून ते काय खातात, काय बाजूला सारतात आणि कोणता घास किती वेळ चघळतात, हे शांतपणे पाहावे. कापांना किती तेल लावायचे, याचे उत्तर यंत्राबरोबर आलेल्या पुस्तिकेपेक्षा तेथे अधिक अचूक मिळेल.