आगीत फुगणारं मटेरियल घर वाचवतं का? भिंतीच्या रंगापेक्षा डक्टमधलं भोक जास्त महत्त्वाचं का आहे?

मुंबईत एखाद्या उंच इमारतीत आग लागली की अग्निशमन दलाच्या प्राथमिक माहितीत एक उल्लेख अनेकदा येतो: 'इलेक्ट्रिक डक्टमधल्या वायरिंगला आग.' अशा वेळी आग खालच्या मजल्यावर असते, पण धूर डक्टमधून थेट वरच्या मजल्यांवर पोहोचतो.

हे रोखण्यासाठी उष्णता लागताच फुगणारं मटेरियल वापरलं जातं. त्याला 'इंट्युमेसंट' म्हणतात. रंग, सीलंट, दारासाठीच्या पट्ट्या आणि पाइपभोवतीच्या कॉलर अशा रूपांत ते मिळतं. पण ते लावलं की घर 'फायरप्रूफ' होतं का?

नाही. हे मटेरियल फक्त वेळ मिळवून देतं. तेही योग्य जागी लावलं असेल आणि नंतर कुणी त्याला भोक पाडलं नसेल, तरच.

हे मटेरियल फुगतं कसं?

दिवाळीतली नागगोळी आठवा. पेटवली की छोट्या गोळीतून काळा, हलका, लांबलचक 'नाग' बाहेर येतो. इंट्युमेसंट रंगाचं कामही काहीसं असंच चालतं.

साधारण 200 ते 250 अंश सेल्सिअसला रंगातली रसायनं कामाला लागतात. अमोनियम पॉलिफॉस्फेटपासून आम्ल तयार होतं, पेंटाएरिथ्रिटॉलचा कोळशासारखा थर बनतो आणि मेलामाइनमधून निघणारे वायू तो थर फुगवतात. जेमतेम 1 मिलिमीटरचा थर फुगून काही सेंटीमीटरचा होऊ शकतो. त्यात हवेचे बारीक कप्पे असल्यामुळे उष्णता आत उशिरा पोहोचते.

पोलादी खांबांसाठी हा रंग मोलाचा असतो, कारण साधारण 550 ते 600 अंशांना पोलादाची ताकद जवळपास निम्मी होते. पण आपल्याकडची बहुतेक घरं आरसीसीची आहेत. तिथे पोलाद काँक्रीटच्या आत असतं आणि स्लॅब बराच वेळ तग धरतो. धोका असतो तो त्या स्लॅबला पाडलेल्या भोकांचा.

भोकात नेमकं काय होतं?

वायरी आणि प्लास्टिकचे पाइप प्रत्येक मजल्याच्या स्लॅबमधून जातात. आगीत पाइप वितळतो आणि मागे मोकळं भोक उरतं. डक्ट उभा असल्याने तो धुराड्यासारखा वागतो आणि गरम धूर वर खेचला जातो. पाइपभोवती इंट्युमेसंट कॉलर असेल, तर ती आतल्या बाजूने फुगते आणि वितळणाऱ्या पाइपला चिमटून भोक बंद करते.

मर्यादाही समजून घ्यायला हवी. धूर थंड असेल तर हे मटेरियल फुगतच नाही. म्हणून फायर डोअरला फुगणाऱ्या पट्टीसोबत धूर अडवणारी रबराची किंवा ब्रशची पट्टीही लागते.

ग्रेनफेलने काय दाखवलं?

14 जून 2017 रोजी लंडनमधल्या 24 मजली ग्रेनफेल टॉवरमध्ये चौथ्या मजल्यावरच्या एका घरात फ्रीजजवळ आग लागली. त्यात 72 जणांचा मृत्यू झाला. बाहेरच्या आवरणातलं ज्वलनशील पॉलिइथिलीन हे आग पसरण्याचं मुख्य कारण ठरलं. पण चौकशीत आणखी गोष्टी समोर आल्या. आवरणामागच्या पोकळीत आग अडवणारे अडथळे अनेक ठिकाणी नीट बसवलेले नव्हते आणि खिडक्यांभोवती ते नव्हतेच. अनेक घरांची दारं आपोआप बंद होत नव्हती, त्यामुळे धूर लॉबीत आला.

थोडक्यात, बिल्डिंगमध्ये सुरक्षेची साधनं असणं आणि ती चालू स्थितीत असणं, यात मोठा फरक आहे.

आपल्याकडे नियम काय आहे?

राष्ट्रीय इमारत संहिता 2016 नुसार डक्टमधून वायरी जातात ती जागा प्रत्येक मजल्यावर आगरोधक मटेरियलने बंद करायला हवी. महाराष्ट्राच्या 2006 च्या आग प्रतिबंधक कायद्यानुसार यंत्रणा सुस्थितीत ठेवण्याची जबाबदारी मालकाची किंवा भोगवटादाराची, म्हणजेच व्यवहारात सोसायटीची असते. त्यासाठी जानेवारी आणि जुलै असं वर्षातून दोनदा परवानाधारक एजन्सीचं प्रमाणपत्र, म्हणजे 'फॉर्म बी', द्यावं लागतं.

पण बिल्डरने भोक बुजवून दिलं, तरी पुढे इंटरनेटची नवी केबल टाकायला कुणीतरी ड्रिल घेऊन येतं. केबल जाते, भोक तसंच राहतं. काही ठिकाणी ते साध्या पीयू फोमने भरलं जातं. हा फोम स्वतःच जळतो.

सोसायटीने काय तपासावं?

डक्टचं दार उघडून टॉर्चने वर-खाली पाहा. दुसऱ्या मजल्याचा उजेड दिसत असेल, तर ते भोक उघडं आहे. डक्टमध्ये रद्दी, चपला, झाडू ठेवू देऊ नका. सीलंट घेताना चाचणी प्रमाणपत्र मागा आणि ते किती मोठ्या भोकासाठी आणि कोणत्या पाइपसाठी आहे, हे वाचा. किनाऱ्याजवळच्या दमट हवेत या रंगावर संरक्षक थर लागतो का, तेही विचारा. केबल टाकणाऱ्याला काम संपल्यावर भोक बुजवल्याशिवाय सोडू नका.

घरातल्या भिंतीला महागडा रंग लावण्याआधी हे करायला हवं. धूर जिन्यापर्यंत दहा मिनिटं उशिरा पोहोचला, तर वरच्या मजल्यावरच्या आजीआजोबांना खाली उतरायला तेवढी दहा मिनिटं मिळतात.