रद्दीतला ऐवज

१८१९ साली इंग्रजांनी असीरगड घेतला तेव्हा तो शिंद्यांचा होता, आणि शिंदे इंग्रजांचे मित्र म्हणवीत होते. गड पडल्यावर आत शिंद्यांचे एक पत्र सापडले; किल्लेदाराने पेशव्यांचा हुकूम मानावा, अशी त्यात आज्ञा होती. गड शिंद्यांना परत मिळाला नाही. एका कागदाने एवढे केले!

आज ज्या कागदांविषयी लिहावयाचे आहे ते राजकारणाचे नव्हेत, चित्रप्रदर्शनांचे आहेत. दुसऱ्या महायुद्धानंतर युरोपातील बंडखोर चित्रकारांनी प्रदर्शनाच्या पुस्तिकेलाच कलाकृती केले. आर्मां याने १९६० साली पॅरिसचे एक कलादालन केरकचऱ्याने गच्च भरले. त्याची निमंत्रणे माशांच्या बंद डब्यांतून गेली. दानिएल स्पोएरी याची तऱ्हा मला अधिक आवडते. १७ ऑक्टोबर १९६१ रोजी दुपारी आपल्या मेजावर पडलेल्या ८० वस्तूंच्या कडा त्याने कागदावर आखल्या, क्रमांक घातले, आणि उष्टा पावाचा तुकडासुद्धा कोठून आला ते लिहून ठेवले. पुढल्या वर्षीच्या प्रदर्शनाच्या वेळी ती पुस्तिका निघाली. असली पुस्तके जमविणारे संग्राहक आज जगभर आहेत. कचरा गेला, मेज मोडले. उरले ते कागद.

हे सारे फार दूरचे वाटेल. पण त्याच पॅरिसमध्ये आपल्या प्रांताचा एक माणूस राहत होता. सय्यद हैदर रझा १९२२ साली मंडला जिल्ह्यातील बाबरिया येथे जन्मले. आपले निमाड आणि त्यांचे मंडला त्या वेळी एकाच मध्यप्रांतात, राजधानी नागपूर. रझाही आधी नागपूरच्याच कलाशाळेत शिकले, मग मुंबईत, आणि १९५० साली पॅरिसला गेले. १९५२ मध्ये सूझा व पदमसी यांच्यासह त्यांचे तेथे प्रदर्शन झाले. अशा प्रदर्शनांतील चित्रे पुढे कोणाकोणाच्या घरी जातात. तेव्हा चित्राचे नाव काय होते, माप किती, साल कोणते, हे सांगावयास पुस्तिकेसारखा साक्षीदार नाही.

साक्षीची गरज पडते ती अशी. जानेवारी २००९ मध्ये रझा दिल्लीत आपल्याच चित्रांच्या प्रदर्शनाच्या उद्घाटनास गेले, तो भिंतीवरची अनेक चित्रे त्यांनी काढलेलीच नव्हती! ते समक्ष होते म्हणून निवाडा झाला. २०१६ साली ते गेले. आता कोणाला विचारावे?

बदलीच्या वेळी सामान हलके करताना मी स्वतः अशा पुस्तिकांचा एक गठ्ठा रद्दीच्या भावाने विकला आहे. त्यात काय होते, हेही आता नीट आठवत नाही. तेव्हा वाचकहो, दिवाळीच्या आवराआवरीत एखाद्या प्रदर्शनाची जुनी पुस्तिका हाती आली, तर तिच्यातली चित्रे मुलांच्या वहीसाठी कापू नका. गंजलेली टाचणी काढा, पाठीवर शिसपेन्सिलीने ती कोणी, कोठून, केव्हा आणली ते लिहा, आणि पत्र्याच्या पेटीत आडवी ठेवा. निमंत्रणपत्रिका आत असेल तर तीही राहू द्या. पुष्कळदा तारीख तेवढ्यावरच असते.