सहा प्रश्नचिन्हं

सातारा आणि सांगली यांच्यात फरक काय? तुम्ही म्हणाल, इकडे कंदी पेढा, तिकडे हळद. आपल्या बऱ्याच प्रोग्रॅम्सना विचारलंत तर उत्तर येईल: काही नाही. दोन्ही ‘??????’.

चेष्टा नाही, मोजून बघा. सातारा म्हणजे स, काना, त, काना, र, काना. सांगली म्हणजे स, काना, अनुस्वार, ग, ल, दुसरी वेलांटी. युनिकोडच्या हिशेबाने दोन्हीकडे सहा-सहा चिन्हं. एका प्रोग्रॅमने दुसरा प्रोग्रॅम चालू करून त्याला पाइपमधून हे नाव दिलं आणि वाटेत कुणी ‘जमलं नाही तर प्रश्नचिन्ह टाक’ असं लिहून ठेवलं असेल, की सहाच्या सहा गेली. कराड आणि मिरज? चार-चार. १९४९ साली साताऱ्यातून ‘दक्षिण सातारा’ वेगळा निघाला, १९६० साली त्याचं नाव सांगली झालं, आणि आपण एका ओळीच्या कोडने दोघांना पुन्हा एक केलं!

यावर ऑफिसात ठरलेलं वाक्य असतं: ‘मराठीचा प्रॉब्लेम आहे.’ नाही हो. मराठीचा काडीचाही प्रॉब्लेम नाही.

युनिक्समध्ये पाइप आणला केन थॉम्पसनने, १९७३ साली. पाइपला अक्षरं कळत नाहीत, फक्त बाइट कळतात. त्या बाइटचा अर्थ काय लावायचा हे दोन्ही टोकांनी आधी ठरवायचं असतं. आपण ते ‘डिफॉल्ट’वर सोडून मोकळे होतो. पण डिफॉल्ट कुणाचं? आपल्याकडच्या विंडोजवर बहुतेक वेळा कोडपेज १२५२, पश्चिम युरोपातल्या भाषांसाठी केलेलं. फ्रेंच माणसाचं त्यात नशिबाने निभावतं. देवनागरीचं एकही अक्षर त्यात नाही.

गंमत म्हणजे हे दर वेळी फुटतही नाही. पायथॉनने सबप्रोसेसचं यूटीएफ-८ आउटपुट १२५२ समजून वाचलं, तर ‘कोयना’चा कचरा होतो, पण प्रोग्रॅम चालू राहतो. ‘कृष्णा’ आली की कोसळतो. कारण १२५२च्या तक्त्यात पाच जागा रिकाम्या आहेत आणि जोडाक्षरातल्या हलन्ताचा तिसरा बाइट बरोब्बर त्यातल्या एकीवर पडतो. ‘झ’ आणि ‘ए’ यांचंही तेच. म्हणजे टेस्टिंगला सातारा टाकला तर पास, आणि लाइव्ह गेल्यावर पहिल्या जोडाक्षराला बोंब.

मग लोक काय करतात? एन्कोडिंग लिहीत नाहीत, एररचं तोंड दाबतात. ‘रिप्लेस’ नाहीतर ‘इग्नोर’. अहो, ती एरर हाच सगळ्या साखळीतला एकमेव प्रामाणिक माणूस होता! वेडीवाकडी अक्षरं निदान उलट फिरवून पुष्कळदा परत मिळतात. सहा प्रश्नचिन्हांतून सातारा परत काढून दाखवा.

दुसरा तोडगा त्याहून थोर: ‘नावं इंग्लिशमध्येच भरून घेऊ ना.’ एका प्रोजेक्टवर माझ्यासमोर तो मीटिंगमध्ये एकमताने मंजूर झाला. आता साताऱ्यातला माण तालुका घ्या. रोमनमध्ये एम-ए-एन. तो माण, मान की मन? सांगलीतला जत घ्या, जे-ए-टी. जत, जात की जाट? ज्या माणसाचं नाव सातबाऱ्यावर मराठीत आहे, त्याने आपल्या पाइपच्या सोयीसाठी स्पेलिंग शोधायचं. उद्या दोन कागदांवरची नावं जुळली नाहीत की हेलपाटेही त्यानेच घालायचे. चूक आपली, भुर्दंड त्याला. हे मला अजिबात मान्य नाही.

‘आता सगळं यूटीएफ-८ झालंय, कशाला शिळ्या कढीला ऊत?’ अर्धं खरं. जावाने २०२२ मध्ये, आवृत्ती १८ पासून, यूटीएफ-८ डिफॉल्ट केलं. पण त्याच जावात सबप्रोसेसचं आउटपुट वाचायला जो तयार रीडर मिळतो, तो तुम्ही सांगितलं नाहीत तर मशिनचंच एन्कोडिंग धरतो. विंडोजसोबत येणारं पॉवरशेल ५.१ बाहेरच्या प्रोग्रॅमला पाइपमधून मजकूर देताना आपणहून आस्की वापरतं. म्हणजे पुन्हा तीच सहा प्रश्नचिन्हं.

आणि उपाय काही रॉकेट सायन्स नाही. यूटीएफ-८ केलं १९९२ साली रॉब पाइक आणि केन थॉम्पसन यांनी. होय, तोच पाइपवाला थॉम्पसन. तेव्हा मंडळी, तीनच गोष्टी करा. दोन्ही टोकांना यूटीएफ-८ असं स्पष्ट लिहा. चुकलं तर प्रोग्रॅम कोसळू द्या. आणि बाइटचा प्रत्येक तुकडा सुटासुटा डिकोड करू नका: देवनागरीचं एक चिन्ह ३ बाइटचं, ४०९६ला ३ने भागलं की १ उरतो, म्हणजे सलग देवनागरी मजकुरात पहिल्याच तुकड्याच्या टोकाला एक अक्षर फाटलं.

सोमवारी ऑफिसात गेलात की कोड उघडा आणि एन्कोडिंगच्या ओळींत ‘रिप्लेस’ आणि ‘इग्नोर’ शोधा. जिथे जिथे सापडेल, तिथे कुणाचं तरी गाव पुसलं जातंय.